वीर्यदान: कायदा, पेढी आणि बीडचा पुरुष

बाईच्या 'पिशवी'वर बीड जिल्ह्यात जेवढी चर्चा झाली, तेवढी महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे झाली नसेल. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेल्याचं २०१९ साली तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं. मग आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजार ८०० हून अधिक जणींची पिशवी आधीच काढलेली निघाली. त्याच्याही आधी २०१२ साली परळीतलं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण देशभर गाजलं होतं. २०११च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली, हा राज्यातला सगळ्यात वाईट आकडा बीडच्या नावावर लागला होता. सोनोग्राफी यंत्रांना कुलपं लागली, नोंदवह्या तपासल्या गेल्या, बाईच्या पोटात काय आहे आणि काय उरलं आहे याचे कागद सरकारदरबारी जमा झाले.

पुरुषाच्या शरीराचा एकही कागद या ढिगात नाही. मूल होत नाही म्हणून बाईला डॉक्टर, भगत, दर्गा, नवस अशा सगळ्या वाटा पालथ्या घालायला लावणाऱ्या घरात नवऱ्याची वीर्यतपासणी सर्वांत शेवटी होते, बऱ्याचदा होतच नाही. वीर्यदानाचा विचार करताना ही पार्श्वभूमी बाजूला ठेवता येत नाही. दाता कोण होऊ शकतो, कुठे जायचं, कायदा काय म्हणतो, या प्रश्नांना आज बऱ्यापैकी स्पष्ट उत्तरं आहेत आणि ती पुढे येतीलच. पण दात्याचं वीर्य ज्याच्या घरी लागणार, त्या माणसाने आपल्यात काही कमी आहे हे आधी मान्य करायला हवं. बीडमध्ये वीर्यदानाचं घोडं अडलंय ते मुख्यतः इथे, असं माझं मत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं की जगात साधारण सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडची अडचण हे एकमेव किंवा सोबतचं कारण असतं. वीर्यात शुक्राणू अजिबात नसणं, म्हणजे दवाखान्याच्या भाषेत 'काउंट निल' येणं, हे सगळ्या पुरुषांत शंभरात एकाच्या आसपास आणि मूल न होणाऱ्या पुरुषांत शंभरात दहा ते पंधरा जणांत आढळतं. वयात आल्यावर झालेला गालगुंडाचा आजार अंडकोषात उतरलेला असू शकतो, जन्मतः नळी नसू शकते, गुणसूत्रांत दोष असू शकतो, जुना जंतुसंसर्ग असू शकतो. मर्दानगीशी यातल्या एकाचाही संबंध नाही. ज्याचा काउंट निल आहे, त्याचा संसार शरीराच्या बाबतीत अगदी सुरळीत चाललेला असू शकतो. नेमकं याच कारणाने रिपोर्ट हातात पडला की त्याचा त्यावर विश्वास बसत नाही.

तपासणी तशी साधी. दोन ते सात दिवस संयम पाळायचा, प्रयोगशाळेत नमुना द्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेनुसार एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची संदर्भमर्यादा आहे, आणि त्यांतले किमान ४२ टक्के हलते असावेत. एक रिपोर्ट वाईट आला म्हणून घाबरायचं नाही. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे मधल्या काळात मोठा ताप येऊन गेला असेल तरी आकडा खाली येतो. काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. पोतं ओलं करून त्यात शंभर दाणे गुंडाळून सोयाबीनची उगवणक्षमता तपासल्याशिवाय आपला शेतकरी तिफणीला हात लावत नाही. हाच माणूस घरात मात्र बी तपासायच्या आधी रानाला नापीक ठरवून मोकळा होतो.

त्यात बालविवाहाची भर आहे. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांमागे सुमारे ४४ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. सोळाव्या वर्षी लग्न, ऑक्टोबर-नोव्हेंबरात नवऱ्याबरोबर 'कोयता', म्हणजे ऊस तोडणारी जोडी, म्हणून फडावर रवानगी, आणि दोन हंगामांत पाळणा हलला नाही की अठराव्या वर्षी ती वांझ ठरते. कृत्रिम गर्भधारणेचा कायदा मात्र एकविसाच्या आतल्या बाईला उपचारच देत नाही. म्हणजे ज्या वयात तिच्यावर ठपका येतो त्या वयात कायद्याच्या लेखी ती उपचाराच्या वयाचीसुद्धा झालेली नसते. नवऱ्याच्या वीर्याची मोजणी करायला मात्र कुठल्याच कायद्याची आडकाठी नाही.

बरं, काउंट कमी आला म्हणजे लगेच दात्याचं वीर्य घ्यावं लागतं असंही नाही. १९९२ साली ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडून गर्भधारणा घडवल्याचं जाहीर केलं. 'इक्सी' या नावाने ही पद्धत आता सगळीकडे पोचली आहे. वीर्यात शुक्राणू नसले तरी काहींच्या अंडकोषातून ते सुईने काढता येतात. त्यामुळे पूर्वी ज्यांना दाता घ्यावा लागायचा, त्यांतले बरेच जण आता स्वतःच्या बीजावर बाप होऊ शकतात. पण हा उपचार लाखाच्या पुढे जातो. मुकादमाकडून उचल घेऊन वर्ष काढणाऱ्या जोडप्याला तो झेपत नाही. दात्याचं वीर्य गर्भाशयात सोडणं त्या मानाने पुष्कळ स्वस्त. हा मुद्दा मी मुद्दाम मांडतोय, कारण वीर्यदान घेणाऱ्याकडे दुसरा वैद्यकीय इलाज नसतोच असं समजलं जातं. कधी कधी इलाज असतो, फक्त पैसे नसतात.

इतिहास सांगायचा तर आपल्याकडे पहिलं नाव नियोगाचंच निघतं. अंबिका आणि अंबालिका यांच्या पोटी व्यासापासून धृतराष्ट्र आणि पांडू झाले, आणि त्यांना कुणी व्यासाचा वंश म्हटलं नाही, ते विचित्रवीर्याचेच मुलगे राहिले. स्मृतींनी पुत्रांचे बारा प्रकार मोजले, त्यात नियोगातून झालेला क्षेत्रज हा एक. पुढे कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात निषिद्ध मानलेल्या आचारांच्या, यादीत नियोग गेला आणि त्यावर पडदा पडला. वीर्यदानाच्या समर्थनार्थ हा दाखला हल्ली सरसकट दिला जातो. मला तो अर्धाच पटतो. त्या कथेत दोन्ही राण्यांच्या मनाचा विचार कुणी केला नाही. एकीने डोळे मिटले, दुसरी पांढरीफटक पडली, हे महाभारतच सांगतं. आजच्या कायद्यात बाईची लेखी संमती लागते, आणि या एका गोष्टीसाठी तरी मी व्यासांपेक्षा संसदेच्या बाजूचा.

पाश्चात्त्यांचा इतिहासही फार उजळ नाही. १८८४ साली फिलाडेल्फियात विल्यम पॅनकोस्ट या डॉक्टरने एका बाईला क्लोरोफॉर्म देऊन, वर्गातल्या एका विद्यार्थ्याचं वीर्य तिच्या गर्भाशयात सोडलं. तिला सांगितलं नाही. नवऱ्याला नंतर सांगितलं, आणि तिला कळू द्यायचं नाही असं दोघांचं ठरलं. पंचवीस वर्षांनी त्याच वर्गातल्या एकाने हे छापून आणलं. वैद्यकीय विद्यार्थी हा दाता, डॉक्टर हा मध्यस्थ आणि गुप्तता ही अट, हा साचा पुढे शंभर वर्षं जगभर चालला. १९५३ साली अमेरिकेत गोठवलेल्या वीर्यातून गर्भधारणा झाली, तरी ताजंच वीर्य वापरण्याकडे ओढा राहिला. १९८५ साली सिडनीतल्या एका केंद्रात दात्याच्या वीर्यातून चार बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं उघड झालं आणि ताज्या वीर्याचा जमाना संपला. तेव्हापासून वीर्य गोठवायचं, बाजूला ठेवायचं, काही महिन्यांनी दात्याची पुन्हा रक्ततपासणी करायची आणि मगच ते वापरायचं, अशी रीत पडली.

भारतात सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ साली कोलकात्यात आणि इंदिरा हिंदुजांनी १९८६ साली मुंबईच्या केईएममध्ये परीक्षानळी बालक जन्माला आणलं. परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचा मुंबईच्या कामात मोठा वाटा होता. पण त्यानंतर पस्तीस वर्षं या सगळ्या क्षेत्राला बांधणारा कायदा नव्हता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २००५ची मार्गदर्शक तत्त्वं होती. वीर्य सहा महिने गोठवून ठेवायचं, ओळखीच्या किंवा नात्यातल्या पुरुषाचं वीर्य वापरायचं नाही, अशा चांगल्या गोष्टी त्यात होत्या. ती न पाळणाऱ्याला शिक्षा मात्र नव्हती.

कृत्रिम गर्भधारणेचं नियमन करणाऱ्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यावर राष्ट्रपतींची सही १८ डिसेंबर २०२१ रोजी झाली आणि २५ जानेवारी २०२२पासून तो लागू झाला. नियम त्याच वर्षी जूनमध्ये आले. दाता होऊ इच्छिणाऱ्याने या कायद्यातली एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवावी. दात्याची तपासणी, वीर्य घेणं आणि साठवणं हे काम फक्त स्वतंत्रपणे नोंदणी झालेल्या वीर्यपेढीनेच (बँकेनेच) करायचं आहे. कायद्याने क्लिनिक वेगळं आणि बँक वेगळी केली. म्हणून 'वीर्यदान करायचंय, कुठल्या क्लिनिकमध्ये जाऊ?' हा प्रश्नच थोडा चुकीच्या दाराशी नेतो. गावातल्या किंवा तालुक्याच्या स्त्रीरोगतज्ज्ञाला तुमचा नमुना थेट घेऊन दुसऱ्या बाईसाठी वापरता येत नाही. त्याने तसं केलं तर तो गुन्हा करतो, आणि तुम्ही त्याला साथ देता.

अशा पेढ्या मोठ्या शहरांत एकवटल्या आहेत. बीडच्या माणसाला छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा मुंबईकडे पाहावं लागतं. संभाजीनगर सव्वाशे-तीस किलोमीटरवर. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली, तिनेही पश्चिमेकडची एक वाट थोडी स्वस्त केली. पेढी खरी की खोटी हे कळायला केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाची राष्ट्रीय नोंदणी आहे. तिथल्या संकेतस्थळावर नोंदणीकृत क्लिनिक आणि पेढ्यांची नावं पाहता येतात. नोंदणी पाच वर्षांची असते. फोनवर आधी नोंदणी क्रमांक विचारायचा, तो यादीशी ताडायचा. जी पेढी क्रमांक सांगायला का-कू करते, तिथे जायचं नाही.

दात्याचं वय कायद्याने २१ ते ५५ ठरवलं आहे. पेढ्यांचा कल अर्थातच तरुणांकडे असतो. नाव, पत्ता, आधार क्रमांक घेतला जातो, तेव्हा 'कुणाला न कळता देऊन येऊ' ही समजूत तिथेच संपते. जोडप्यापासून तुमची ओळख लपवली जाते, पेढीपासून लपत नाही. घराण्यात मधुमेह, मिरगी, मानसिक आजार, लहान वयात झालेले मृत्यू याची चौकशी होते. इथे खरं बोलायचं, कारण तुमच्या आजोबांचा आजार दुसऱ्याच्या घरात जन्म घेणार आहे. एचआयव्ही, ब आणि क प्रकारची कावीळ, गरमी यांच्या तपासण्या होतात. थॅलेसेमियासारख्या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचीही पाहणी होते. मग नमुना. एका बंद खोलीत तो द्यायचा असतो, आणि यात लाजण्यासारखं काही नाही हे तिथल्या तंत्रज्ञाचा चेहरा पाहिला तरी कळतं. नमुना उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये जातो. गोठवून पुन्हा वितळवताना बरेच शुक्राणू मरतात. म्हणून बाप व्हायला पुरेसा असलेला काउंट दाता व्हायला पुरेसा असेलच असं नाही. नाकारलं गेलं म्हणून स्वतःविषयी वाईट समज करून घेऊ नये.

एकदा जाऊन काम भागत नाही. नमुने अनेकदा द्यावे लागतात आणि काही महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायला यावं लागतं. बीडच्या दृष्टीने हा बारीक वाटणारा तपशील मोठा आहे. दिवाळीनंतर जो कारखान्यावर जातो आणि चैत्रापर्यंत परतत नाही, त्याला ही साखळी पूर्ण करणं अवघड. त्यामुळे व्यवहारात दाता होणार तो शहरात शिकणारा किंवा नोकरी करणारा. पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला असलेली बीडची कितीतरी पोरं आहेत. वयाने, वेळेने आणि पत्त्याने तीच या कामाला जवळची.

पैशांचं काय? कायद्याने बीजाच्या विक्रीला बंदी आहे. येण्याजाण्याचा खर्च आणि वेळेचा मोबदला म्हणून थोडी रक्कम हातावर ठेवली जाते, यापलीकडे यात कमाई नाही. २०१२च्या 'विकी डोनर' सिनेमाने तरुणांच्या डोक्यात वेगळंच चित्र भरून ठेवलंय. दिल्लीचा एक उनाड पोरगा वीर्य देतो, गाडी घेतो, घर सजवतो आणि शेवटी त्याची पन्नासहून जास्त मुलं एका समारंभात जमतात. सिनेमा गोड आहे. आजच्या कायद्यात तो घडू शकत नाही. एका दात्याचं वीर्य एकाच जोडप्याला द्यायचं, दुसऱ्याला नाही, आणि उरलेलंही दुसरीकडे वळवायचं नाही, असा आता नियम आहे.

या नियमाविषयी माझं मत दुहेरी आहे. नियमामागचं भय खरं आहे. नेदरलँड्समधल्या एका दात्याची पाचशेच्या वर मुलं झाल्यावर २०२३ साली हेगच्या न्यायालयाला त्याला मनाई करावी लागली. आपल्याकडे एकाच पंचक्रोशीत, एकाच सोयरिकीच्या वर्तुळात लग्नं जुळतात. अजाणता सावत्र भावंडांची गाठ पडण्याची भीती इथे नुसती कागदावरची नाही. पण ब्रिटनने ही मर्यादा दहा कुटुंबांवर ठेवली, आपण थेट एकावर आणली. परिणाम असा की प्रत्येक जोडप्यामागे एक नवा दाता शोधायचा, त्याच्या सगळ्या तपासण्या करायच्या, सहा महिने थांबायचं, आणि हा सगळा खर्च एकाच घराच्या बिलावर चढणार. श्रीमंताला तो दिसतही नाही, गरीब मात्र तिथूनच माघारी फिरतो. पाच-दहा कुटुंबांची मर्यादा आणि जिल्हानिहाय अंतराची अट, असं काही केलं असतं तर भयही आवरलं असतं आणि खर्चही.

याच नियमामुळे दात्यांची गरज मात्र पूर्वी कधी नव्हती इतकी वाढली. आणि गरज दिसली की ठग येतातच. बिहारच्या नवाद्यात डिसेंबर २०२३मध्ये पोलिसांनी एक टोळी पकडली. मूल नसलेल्या बायकांना गरोदर करा आणि लाखो रुपये मिळवा, अशी जाहिरात ती समाजमाध्यमांवर देत होती. आधी काही शे रुपये नोंदणी, मग ओळखपत्र, मग कर, मग अनामत. २०२५ साली अशाच जाहिरातीला भुलून पुण्यातल्या एका ठेकेदाराने ११ लाखांच्या आसपास रक्कम घालवली. फसलेले फार कमी जण पोलिसांत जातात, कारण तक्रारीत काय लिहायचं याचीच लाज वाटते. ठगांचा सगळा धंदा याच लाजेवर उभा आहे. खरी पेढी दात्याकडून एक रुपया मागत नाही, आणि कुठल्याही बाईच्या घरी पाठवत नाही. पैसे गेले असतील तर १९३० हा सायबर मदत क्रमांक आहे.

दात्याला हमखास पडणारा एक प्रश्न हक्कांचा. उद्या ते मूल माझ्या सातबाऱ्यावर हक्क सांगेल का? नाही. जन्मलेलं मूल त्या जोडप्याचंच जैविक अपत्य मानलं जाईल आणि दात्याला पालकत्वाचे सगळे हक्क सोडावे लागतील, असं कायदा सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४मध्ये हेच एका कठीण प्रकरणात स्पष्ट केलं. एका बाईला तिच्या बहिणीच्या स्त्रीबीजातून, सरोगसीने जुळ्या मुली झाल्या होत्या. पुढे नवरा मुलींना घेऊन वेगळा राहू लागला आणि बहीणही त्याच घरात राहू लागली. बीज माझ्या बायकोचं नाही, म्हणून तिचा मुलींवर हक्क नाही, असं नवऱ्याचं म्हणणं. न्यायालयाने ते फेटाळलं. बीज दिलं म्हणून आईपण किंवा बापपण मिळत नाही, असं सांगून त्या बाईला मुलींना भेटण्याचा हक्क दिला. वीर्य देणाऱ्यालाही हाच न्याय लागू. तो सुटतो, आणि तितकाच बाहेरही राहतो.

मुलाला सांगायचं की नाही, हा प्रश्न आपल्या कायद्याने टाळला आहे. स्वीडनने १९८५ साली दात्याची अनामिकता काढली. ब्रिटनमध्ये एप्रिल २००५नंतर दान केलेल्यांची ओळख मुलाला अठराव्या वर्षी मिळू शकते. आपल्याकडे माहिती गोपनीय. वैद्यकीय निकड किंवा न्यायालयाचा आदेश असेल तरच ती बाहेर येते. नोंदी किमान दहा वर्षं जपून पुढे राष्ट्रीय नोंदणीकडे जातात. पण रक्तगट गप्प बसत नाही. दिल्लीच्या एका रुग्णालयात दुसऱ्याच्याच वीर्यातून झालेल्या जुळ्यांचा घोटाळा आईबापांना रक्तगटामुळे कळला, आणि २०२३ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने दीड कोटींची भरपाई ठोठावली. घरोघरी पोचणाऱ्या डीएनए चाचण्यांच्या काळात मुलापासून हे कायम लपवता येईल असं गृहीत धरणं धोक्याचं. समजत्या वयात आईबापांनीच सांगावं, हे बरं.

बीडसाठी कायद्याचं सव्विसावं कलम फार महत्त्वाचं आहे. मुलगा होईल अशी हमी देणं, मुलगा करून देणारे शुक्राणू वेगळे काढणं, गर्भ निवडणं, सगळ्याला बंदी आहे. लिंगनिवडीच्या जाहिरातीला पाच ते दहा वर्षांचा तुरुंगवास किंवा दहा ते पंचवीस लाखांचा दंड होऊ शकतो. २०११चं ८०७ अजून विसरलेलं नाही; उद्या इथे पेढी किंवा मोठं केंद्र आलं तर बंद दाराआड पहिली मागणी लिंगनिवडीची होईल हे सांगायला ज्योतिषी नको. दुसरी मागणीही ठरलेली: दाता आपल्याच जातीचा मिळेल का? स्वतःच्या वीर्यात शुक्राणू नाहीत हे पचवायला ज्याला वर्ष लागलं, तो पुढच्याच भेटीत दात्याच्या पोटजातीवर अडतो. डॉक्टरांनी इथे ठाम राहायला हवं. रक्तगट जुळवा, उंची आणि वर्ण जुळवा. शुक्राणूला जात नसते एवढं एकदा स्पष्ट सांगून विषय बंद करा.

एकट्या बाईविषयीही एक वाक्य. एकविसाच्या वरची अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री या कायद्याखाली दात्याचं वीर्य घेऊ शकते. लग्नाशिवाय एकत्र राहणारी जोडपी आणि समलिंगी जोडपी मात्र बाहेर ठेवली आहेत. ग्रामीण महाराष्ट्रात एकटीने ही वाट धरणाऱ्या आज मोजक्याच असतील, पण ती वाट कायद्याने खुली आहे हे ठाऊक असायला हवं.

यातून पुढे काय? र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. त्यांच्यावर खटले झाले, पण पुरुषाच्या शरीराविषयी मराठीत मोकळेपणाने बोलण्याची सोय त्यांनी केली. शंभर वर्षांनंतर आपण त्या सोयीचा फार उपयोग केलेला नाही. बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे पुरुष वंध्यत्वाचा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग आठवड्यातून ठराविक दिवशी, हंगामाच्या आधी म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात जादा वेळ चालवावा, आणि मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्यात आधी नवऱ्याची मोफत वीर्यतपासणी व्हावी. तो रिपोर्ट हातात आल्याशिवाय बाईची एकही महागडी तपासणी लिहून देऊ नये. मराठवाड्यासाठी एक शासकीय शुक्राणूपेढी नोंदवून घ्यावी, म्हणजे दात्यालाही पुण्या-मुंबईला जावं लागणार नाही आणि घेणाऱ्यालाही खासगी दर मोजावे लागणार नाहीत. गर्भाशयाच्या प्रश्नावर समिती नेमली गेली होती. या दोन मागण्यांसाठी समितीही लागत नाही, शासनाचा एक आदेश आणि थोडा निधी पुरे. जिल्ह्यातल्या आमदारांनी पुढच्या अधिवेशनात हा प्रश्न विचारावा.